बॅटरी बसली तरी इंजिन चालूच

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडीच्या डोंगरांवर छोट्या विमानाची वीज गेली तर ते कोसळेल, असे अनेकांना वाटते. तसे नाही. बारामतीत नवे वैमानिक शिकतात ती सेस्ना १७२ घ्या. तिच्या इंजिनाला ठिणगी बॅटरी देत नाही. इंजिनाबरोबर फिरणारे दोन मॅग्नेटो देतात, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. २४ व्होल्टची बॅटरी इंजिन सुरू करते. पुढे २८ व्होल्टचा अल्टरनेटर दिवे, रेडिओ चालवतो, बॅटरीही भरतो. मग वीज गेली तर बिघडले काय? बरेच बिघडते: रेडिओ मुका होतो, फ्लॅप हलत नाहीत. शिवाय संगणकावर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनांना वीज लागतेच. म्हणून अ‍ॅमीटरचा काटा वजाकडे झुकला, की गरजेची नसलेली उपकरणे बंद करून जवळची धावपट्टी गाठायची. शाहूवाडीहून ती उजळाईवाडीला, १९३९ साली सुरू झालेली.