मोटारसायकल, नशा आणि पोलिसांची नाकाबंदी: चावी देण्याआधी पालकांनी काय समजून घ्यावं

नववीच्या वर्गात आम्ही एकदा सहज विचारलं, "घरची बाइक किंवा स्कूटी कोण कोण चालवतो?" निम्म्याहून जास्त हात वर झाले. एक मुलगा तर अभिमानाने म्हणाला, "सर, मी रोज अब्बांना दुकानावर सोडून ट्यूशनला जातो." वय चौदा. अब्बा मागे बसलेले, म्हणजे परवानगीचा प्रश्नच नाही.

वाहतूक पोलिसांच्या मोहिमांबद्दल आपल्या मोहल्ल्यांत दोन वाक्यं नेहमी ऐकू येतात. पहिलं, "आपल्यात कोणी पीत नाही, ती नाकाबंदी आपल्यासाठी नाही." दुसरं, "पोलिसांना फक्त वसुली करायची असते." दोन्ही वाक्यांत थोडं खरं असेलही, पण त्यांच्या भरवशावर मुलाच्या हातात चावी देता येत नाही.

आधी नशेचं बघू. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 सांगतं की 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. हे प्रकरण जागेवर पावती फाडून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. मुंबईत 2007 पासून पोलिसांनी हे कलम जोरात लावायला सुरुवात केली. रात्रीची नाकाबंदी आणि तोंडाजवळ धरलेलं ते फुंकायचं मशीन तेव्हापासून शहराच्या ओळखीचं झालं.

पण याच कलमाचा दुसरा भाग बहुतेकांना ठाऊक नसतो. त्यात दारूबरोबर 'ड्रग'ही आहे. गाडीवर ताबा राहणार नाही इतका अंमल असेल, तर गांजा असो, एमडी असो की झोपेची गोळी, गुन्हा तोच. मालेगावात 'कुत्ता गोली' नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांनी किती घरं हैराण केली, हे वेगळं सांगायला नको. फुंकायच्या मशीनमध्ये ही नशा दिसत नाही, त्यासाठी दवाखान्यात रक्ताची तपासणी लागते. त्यामुळे "माझा मुलगा दारूला हात लावत नाही" एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या शाळेच्या मागच्या भिंतीपाशी आम्ही स्वतः उचलल्या आहेत.

आणि स्वतः न पिणारासुद्धा रस्त्यावर सुरक्षित नसतो. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने मोटारसायकलला उडवलं. बाइकवरचे दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, त्यात गेले. गाडी चालवणारा अल्पवयीन होता आणि तो दारूच्या नशेत होता असं पोलिसांचं म्हणणं आहे. त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. नमुना वेळेत आणि नीट घेणं किती महत्त्वाचं आहे, ते तेव्हा सगळ्या राज्याला कळलं. कायद्यातही त्यासाठी मुदत आहे. कलम 185 खाली अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्या माणसाला सोडावं लागतं.

आता आपल्या घरातली गोष्ट. शब-ए-बरातच्या रात्री मुंबईत पोलिसांना खास बंदोबस्त लावावा लागतो. कब्रस्तानात फातिहा पढायला निघालेली पोरं पुढे मरीन ड्राइव्हला, वांद्र्याला ट्रिपल सीट निघतात. सायलेन्सर काढलेला, हेल्मेट नाही, चाक हवेत. पोलीस आधीच उलेमा आणि मस्जिदच्या ट्रस्टींबरोबर बैठका घेतात, मस्जिदींतून आवाहन होतं, तरी काही पोरं निघतातच. रमजानमध्ये तरावीहनंतर ते सहरीपर्यंत आपल्या शहरांतही हेच चित्र. इबादतीच्या रात्री ही मुलं रस्त्यावर असतात आणि घरी विचारलं तर "मस्जिदमध्ये आहे." रेस लावणं हा कलम 189 खाली वेगळा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जे.जे. उड्डाणपुलाचंही उदाहरण घ्या. त्याचं अधिकृत नाव आपल्या मखदूम अली माहिमी यांचं आहे. वाढत्या अपघातांमुळे 2010 पासून त्या पुलावर दुचाकींना बंदी आहे. पोलिसांना पूर्ण पूलच बंद करावा लागला, यावरून काय ते समजा.

हेल्मेटच्या बाबतीत आकडा बोलतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. हेल्मेट न घातलेले त्यांत 50,029, आणि त्यांतले 14,337 मागे बसलेले होते. मे 2022 मध्ये मुंबई वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं असल्याची नोटीस काढली. 500 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित. मागे बसलेली बहुतेक वेळा अम्मी, बाजी किंवा बेगम असते. त्यांच्यासाठी हेल्मेट घ्यायचं हे आपल्याला सुचतच नाही.

"टोपी घातली आहे, वर हेल्मेट कसं बसणार?" असंही विचारतात. कायद्यात सूट फक्त पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तीला आहे. टोपी खिशात ठेवा. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का बघा आणि पट्टा लावा. न लावलेलं हेल्मेट पडताना सगळ्यात आधी डोक्यावरून निघतं. बुरखा किंवा ओढणी चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारी जाळी असावी, असा केंद्रीय नियम 123 आहे. पोरं स्टाइलसाठी ती काढून टाकतात. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट, चार वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, आणि वेग ताशी 40 च्या आत, हा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. ईदच्या दिवशी टाकीवर एक, मध्ये एक आणि मागे दोन बसलेले बघितले की हा नियम कोणी वाचलाय का, असं वाटतं.

आता पालकांनी दोनदा वाचावं ते कलम 199 क. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर दोषी पालक किंवा गाडीमालक धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीत नव्हतं" हे पालकालाच कोर्टात सिद्ध करावं लागतं. मागे बसून दुकानावर जाणारे अब्बा ते कसं सिद्ध करणार?

राहिली वसुलीची तक्रार. दाढी-टोपी बघून जास्त थांबवतात असं अनेकांना वाटतं आणि ते मनातून काढा असं आम्ही म्हणणार नाही. पण कागद पूर्ण असले की बोलायला जागा राहते. लायसन्स मागणारा पोलीस गणवेशात असायला हवा. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले कागद चालतात. दंड ई-चलनानेच भरा, रोख देऊन "मिटवून टाका" म्हणू नका. आपणच मिटवायला निघालो तर मग वसुलीची तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

त्या चौदा वर्षांच्या मुलाच्या अब्बांना आम्ही शाळेत बोलावलं. आधी नाराज झाले, "सगळेच देतात सर" म्हणाले. 199 क वाचून दाखवल्यावर गप्प बसले. आता चावी अम्मीच्या कपाटात असते आणि मुलगा ट्यूशनला सायकलने जातो. आमच्याशी अजून नीट बोलत नाही.