पट्टा नेमकं काय करतो?

२०२५ ची महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा अहिल्यानगरात झाली. तिथे मल्लांना पट्ट्याचा आधार नव्हता, होतं ते फक्त स्वतःचं अंग. पॉवरलिफ्टिंगमध्ये मात्र कमरेला जाड पट्टा दिसतो, आणि तोच कणा सांभाळतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही. खोल श्वास भरून पोट ताणलं की ते पट्ट्यावर दाबतं, पोटातला दाब वाढतो आणि कणा आतून भक्कम होतो. आंतरराष्ट्रीय नियमांत पट्ट्याची कमाल रुंदी १० सेंटिमीटर, जाडी १३ मिलिमीटर.

आधार देणारे खास कपडे चालतात त्या ‘इक्विप्ड’ प्रकारात बेंच प्रेसला घालतात तो बेंच शर्ट वेगळा. दांडा छातीकडे येताना तो ताणला जातो, वर ढकलताना तोच ताण परत मिळतो. ‘क्लासिक’मध्ये त्याला मनाई, म्हणून दोन्हींचे विक्रम स्वतंत्र. मुलांनो, आधी श्वास भरायला शिका. पट्टा मग घ्या.