पाणी किती वाजता येतं?

मुंबईत भाड्याचं घर बघायला आलेलं कुटुंब आधी स्टेशन किती लांब आहे, भाडं किती, डिपॉझिट किती हे विचारतं. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो : ‘पाणी किती वाजता येतं?’ पहाटे चार ते सहा येत असेल तर रात्रपाळी करून येणाऱ्याचं जमत नाही. दुपारी दोन ते चार येत असेल तर नवरा-बायको दोघंही नोकरीला जाणाऱ्या घराचं अडतं. ‘चोवीस तास पाणी आहे’ असं घरमालक म्हणाला तरी जाणता मुंबईकर तिथं थांबत नाही. चोवीस तास आहे ते महापालिकेचं की गच्चीवरच्या टाकीचं, एवढी खात्री करूनच तो पुढचं बोलतो.

या शहरात माणसांचं वेळापत्रक लोकल गाड्या ठरवतात असं नेहमी म्हटलं जातं. पण लोकल पकडायला घराबाहेर पडण्याआधीची वेळ पाणी ठरवतं. कोण किती वाजता उठणार, धुणं कधी होणार, मुलांच्या आंघोळी कधी उरकणार, पाहुण्यांना कोणत्या वेळी बोलवायचं, हे सगळं त्या दोन-चार तासांभोवती बेतलेलं असतं.

मुंबईला पाण्याचा तुटवडा आहे असं सरसकट म्हटलं जातं, पण आकडे जरा वेगळं सांगतात. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. यातले विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. बाकीचं पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून येतं. त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. २०११च्या जनगणनेतली १ कोटी २४ लाखांची लोकसंख्या धरली तर माणशी हिशेब ३०० लिटरच्या वर जातो. आजची वाढलेली वस्ती धरली आणि कारखाने, हॉटेलं यांचा वाटा वजा केला तरी आकडा लहान होत नाही. खरी अडचण या पाण्याच्या वाटपात आहे, आणि वाटप तासांच्या हिशेबानं होतं.

ते कसं होतं हे पाहायचं तर पहाटे रस्त्यावर यावं लागतं. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून आणि इतर केंद्रांतून पाणी शहरभरच्या २७ सेवा जलाशयांत येतं. मलबार हिलवर हँगिंग गार्डनमध्ये फिरणाऱ्यांच्या पायाखाली असाच एक जलाशय आहे. तिथून कुठल्या भागाला किती वेळ पाणी सोडायचं ते रस्त्याखालच्या व्हॉल्व्हवर ठरतं. ते व्हॉल्व्ह फिरवणारा महापालिकेचा कर्मचारी म्हणजे चावीवाला. त्याच्या हातात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची उंच लोखंडी चावी असते. तो रस्त्यातलं झाकण उचलतो, चावी खाली सोडून व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवतो आणि अंगाचा जोर लावून मोजून फेरे देतो. फेरे कमी पडले तर टेकडीवरच्या घरांपर्यंत पाणी चढत नाही, जास्त झाले तर पुढच्या भागाचा दाब उतरतो. ठरलेल्या वेळेनंतर तो परत येऊन तेवढेच फेरे उलटे देतो. रोज शेकडो ठिकाणी हे काम हातानं चालतं. म्हणूनच अनेक वस्त्यांत नगरसेवकाइतकीच चावीवाल्याची ओळख असते, आणि पाणी उशिरा आलं की पहिला फोन त्यालाच जातो.

मग नळ सतत चालू का ठेवत नाहीत? कारण एकाच वेळी सगळीकडे पाणी सोडलं तर सखल भागातले लोक आणि मोठ्या टाक्यांच्या इमारती आधी ओढून घेतील आणि शेवटच्या टोकाला काहीच उरणार नाही. शहराचे लहान विभाग पाडून आळीपाळीनं पाणी सोडलं की निदान प्रत्येकाला दाब मिळतो. वांद्रे पश्चिम आणि मुलुंड या भागांत चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग काही वर्षांपूर्वी हाती घेतला गेला. तो अजून शहरभर पसरलेला नाही.

आळीपाळीच्या पुरवठ्याची किंमत मात्र मोजावी लागते. पाणी बंद झालं की नळ रिकामे होतात आणि त्यांच्यातला दाब जातो. एखाद्या सांध्याला भेग असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी आल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं नळ तसाच सोडायचा, पिण्याचं नंतर भरायचं, ही घरोघरची सवय त्यातूनच आली आहे. पाण्याला फोर्स नाही म्हणून कुणी थेट महापालिकेच्या लाइनला मोटार लावतं, तेव्हा त्याच्या टाकीत पाणी येतं खरं, पण शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो आणि गळक्या जागेतून घाण ओढली जाण्याचा धोकाही वाढतो. म्हणून अशी मोटार लावणं बेकायदा आहे.

एकाच चावीतून सुटलेलं पाणी वेगवेगळ्या घरांत वेगवेगळं पोचतं. सोसायटीच्या इमारतीत ते जमिनीखालच्या टाकीत पडतं, पंपानं गच्चीवर चढतं आणि दिवसभर नळाला येत राहतं. तिथल्या रहिवाशाला पाण्याची वेळ ठाऊक नसली तरी चालतं, ती वॉचमनला ठाऊक असते. चाळीत मोरीतला नळ भल्या पहाटे वाजायला लागतो. आधी पिण्याचं पाणी गाळून पिंपात, मग वापरायचं बादल्यांत, मग कळशी, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचा, असा क्रम तिथं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. वस्तीत नळ घरात नसतो, गल्लीत असतो, आणि अनेकदा पाच-पाच घरांत मिळून एक.

गल्लीतल्या नळाचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. पाणी दोन तास आलं आणि पाच घरं असली तर प्रत्येकाच्या वाट्याला २४ मिनिटं येतात. मिनिटाला आठ-दहा लिटरची धार धरली तर तेवढ्यात प्लास्टिकचा एक निळा ड्रम, म्हणजे २०० लिटर, भरतो. त्यात पाच माणसांचं पिणं, स्वयंपाक, आंघोळ, भांडी, धुणं आणि संडास भागवायचं. महापालिकेच्या हिशेबातही हा फरक वर्षानुवर्षं लिहिलेला आहे : इमारतींना माणशी १३५ लिटर, झोपडपट्टीला ४५ लिटर. धार बारीक झाली किंवा पाणी अर्धा तास आधी गेलं, तर शेवटच्या नंबरच्या घराचा ड्रम अर्धाच राहतो. तिथल्या भांडणांचं मूळ माणसांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या २४ मिनिटांत शोधलेलं बरं.

हे काम कोण करतं, हेही उघड आहे. पाइप लावणं, नंबर धरणं, भरलेला हंडा जिना चढून नेणं हे जवळजवळ सगळीकडे बायकांचं आणि मुलींचं काम आहे. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो वजन. पाणी सकाळी सातला येत असेल तर घरकामाला जाणारी बाई पहिल्या घरी उशिरा पोचते आणि तिथं बोलणी खाते. शाळेची वेळ आणि पाण्याची वेळ एक झाली तर शाळा बुडते ती बहुधा मुलीची. पाणीपट्टीच्या बिलात लिटर मोजले जातात, हे तास कुठल्याच खात्यात लिहिले जात नाहीत. मुंबईच्या पाण्याची चर्चा टक्के आणि दशलक्ष लिटरपाशी थांबते आणि या बायकांची रोजची पहाट कुणाच्या हिशेबात येत नाही, हा मोठा अन्याय आहे.

नळजोडणी कुणाला मिळावी, हा वादही जुना आहे. झोपडी अमुक तारखेच्या आधीची असेल तरच पाणी, असा नियम बराच काळ होता. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४मध्ये निकाल दिला. पाणी मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि घर अनधिकृत आहे म्हणून पाणी सरसकट नाकारता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. पुढे २०२२मध्ये महापालिकेनं ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणलं. गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडीत अभ्यास करून लिसा ब्यॉर्कमन यांनी ‘पाइप पॉलिटिक्स’ (२०१५) हे पुस्तक लिहिलं. निखिल आनंद यांचं ‘हायड्रॉलिक सिटी’ (२०१७) हेही मुंबईच्या पाण्यावरचंच. कागदावरची जोडणी आणि नळातलं पाणी यांच्यात किती अंतर असतं, ते या अभ्यासांतून दिसतं.

मुंबई कायम लांबच्या पाण्यावर जगत नव्हती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं आजही बसच्या पाट्यांवर आहेत, पण तिथले तलाव कधीच बुजले. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर अजून आहे. वस्ती वाढली तसं विहिरी-तलावांचं पाणी पुरेना. १८६०मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं शहरात आलं, १८७९मध्ये तुळशीचं आणि १८९२मध्ये तानसाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाच्या डासांमुळे शहरातल्या असंख्य विहिरी झाकल्या किंवा बुजवल्या गेल्या, आणि शहर जवळजवळ पूर्णपणे नळावर आलं. पुढे १९५७मध्ये वैतरणेवर धरण झालं. महापालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक यांच्या नावावरून त्याच्या जलाशयाला मोडक सागर म्हणतात. सातांतला सर्वांत नवा मध्य वैतरणा, तो २०१४चा.

इतक्या लांबून येणाऱ्या पाण्याला वाटेत काहीही होऊ शकतं. २०२३च्या मार्चअखेरीस मुंबईत महिनाभरासाठी १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली. धरणांत पाणी होतं, पण ठाण्यात बोअरवेल खोदताना जमिनीखालच्या जलबोगद्याला भोक पडलं होतं. २०२४मध्ये धरणांतला साठा खालावला तेव्हा ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात झाली. ती उठायला जुलैअखेर उजाडली. सातही जलाशयांत मिळून १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर साठा मावतो. दर वर्षी १ ऑक्टोबरला तो किती आहे यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं गणित बसतं. म्हणून जुलैत ‘तुळशी भरला’, ‘विहार ओसंडला’ या बातम्या मुंबईकर मन लावून वाचतात. कपात दहा टक्के म्हटली तरी ती सगळ्यांना सारखी बसत नाही. टाकीवाल्या इमारतीत ती कळतही नाही आणि टेकडीवरच्या वस्तीत शेवटच्या दोन घरांचं पाणी पूर्ण जातं.

जिथं नळ पुरत नाही तिथं टँकर येतो. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे मोठ्या सोसायटीच्या टाकीचा एक घोट. २०२५च्या एप्रिलमध्ये भूजलाच्या परवान्यांच्या नियमांवरून टँकरमालकांनी संप केला, तेव्हा बांधकामं, हॉटेलं आणि कितीतरी गृहसंकुलं यांची काही दिवस तारांबळ उडाली. महापालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन टँकर ताब्यात घेण्याचा इशारा द्यावा लागला. नव्या टोलेजंग इमारती किती प्रमाणात टँकरवर उभ्या आहेत, हे त्या आठवड्यात सगळ्यांनी पाहिलं.

मुंबईच्या नळाचं दुसरं टोक शहापूर तालुक्यात आहे. तानसा, भातसा आणि वैतरणेच्या परिसरातल्या गावा-पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. गावं उंचावर, धरण खाली, आणि मोठ्या वाहिन्या गावांना वळसा घालून मुंबईकडे जातात. शहापूरच्या गावांची तहान भागवायला इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून पाणी आणण्याची योजना आखावी लागली, यावरूनच कल्पना यावी. तिथली बाई एप्रिलमध्ये टँकरभोवती हंडे मांडते आणि गोवंडीतली बाई पहाटे नळाखाली ड्रम लावते. दोघींच्या मध्ये एकच वाहिनी आहे.

आता पुढच्या पाण्याची जुळवाजुळव चालू आहे. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा, सुरुवातीला रोज २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प आखलेला आहे. वाडा तालुक्यात, तानसा अभयारण्यातल्या गारगाई नदीवर धरण बांधून रोज ४४० दशलक्ष लिटर आणायचे आहेत. त्यासाठी मोठं जंगल पाण्याखाली जाईल आणि गावं उठवावी लागतील. दुसरीकडे, आज येणाऱ्या पाण्यापैकी जवळपास एक तृतीयांश गळती आणि चोरीत जातं. म्हणजे रोज बाराशे दशलक्ष लिटरांच्या वर. यातलं सगळं वाचणार नाही. बेकायदा जोडणीतून जाणारं पाणीही शेवटी कुणीतरी पितंच. पण त्याचा तिसरा हिस्सा जरी जुने नळ बदलून आणि सांधे दुरुस्त करून वाचवला, तरी जवळजवळ गारगाईएवढं पाणी जंगल न बुडवता हाती येतं. हे काम रस्ते खणून, गल्लोगल्ली जाऊन, वर्षानुवर्षं करायचं आहे. त्याचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून ते मागे पडतं. रस्त्यात पाणी उसळताना दिसलं तर १९१६ या महापालिकेच्या क्रमांकावर कळवता येतं, आणि प्रभागातल्या नळांचं वय किती, ते कधी बदलणार, हे नगरसेवकाला मतं मागायला आल्यावर विचारता येतं.