परसबागेचे फळ देणारे कुंपण : करवंद

घरामागील परसबाग बहुधा पाण्याच्या अभावी बुडत नाही. ती बुडते कुंपणाच्या अभावी. गृहिणीने न्हाणीघराच्या पाण्यावर वांगी, मिरची, मेथी मोठ्या निगुतीने वाढवावी आणि एका दुपारी शेळ्यांनी ती साफ करावी, हा अनुभव गावोगावी येतो. बाभळी-बोरीच्या फांद्यांचे कुंपण एक-दोन पावसाळ्यांतच वाळवीने पोखरले जाते. मग पुन्हा फांद्या तोडणे, वाहून आणणे व रोवणे आलेच. हा वार्षिक खर्च व श्रम वाचवून वर फळेही देणारे कुंपण म्हणजे करवंदीचे जिवंत कुंपण होय.

ओळखीचे झुडूप

कोकणात व सह्याद्रीच्या उतारावर करवंदीच्या जाळ्या आपोआप वाढतात. 'डोंगरची काळी मैना' अशी हाळी देत पानांच्या द्रोणांतून विकली जाणारी करवंदे सर्वांच्या परिचयाची आहेत. फळ चावून आतील रंगावरून 'कोंबडा की कोंबडी' हे ठरविण्याचा खेळ न खेळलेले मूल त्या भागात विरळाच. परंतु जे डोंगरात फुकट मिळते ते दारात लावावे, हा विचार सहसा सुचत नाही. करवंद सदाहरित आहे, त्याचे काटे कठीण व जोडीने येणारे असतात, आणि एकदा मूळ धरल्यावर ते हलक्या, मुरमाड जमिनीत व कमी पाण्यावरही टिकते. मात्र पाणी साचून राहणारी जागा त्यास मानवत नाही.

रोपे तयार करणे

मे महिन्यात मोठ्या व गोड फळांची, भरपूर लागणारी जाळी हेरून तिची पूर्ण पिकलेली फळे घ्यावीत. फळे पाण्यात कुस्करून बी वेगळे करावे, चीक व गर निघेपर्यंत धुवावे आणि सावलीत सुकवावे. या बियांची उगवणशक्ती लवकर कमी होते. म्हणून ते पुढील वर्षासाठी न ठेवता लगेच पेरावे. माती, वाळू व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने भरलेल्या पिशव्यांत किंवा गादीवाफ्यावर पेरणी करावी. पहिल्या वर्षी रोपांची वाढ सावकाश होते. म्हणून ती वर्षभर सांभाळून दुसऱ्या पावसाळ्याच्या आरंभी लावावीत.

बियांपासूनच्या झाडांची फळे सर्वस्वी सारखी निघत नाहीत. एकसारखी मोठी फळे हवी असल्यास दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या 'कोकण बोल्ड' या जातीची कलमे लावावीत.

लागवड

परसबाग ४० फूट लांब व ३० फूट रुंद असेल, तर तिचा घेर १४० फूट होतो. फाटकासाठी ४ फूट सोडून उरलेल्या १३६ फुटांत दोन-दोन फुटांवर सुमारे ७० रोपे लागतील. काही रोपे मरतात, त्यामुळे १०० रोपे तयार करणे बरे. कुंपणाच्या रेषेवर दीड फूट खोल व तितकाच रुंद चर खणून तो माती व शेणखताने भरावा आणि चांगला पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. पाऊलवाट काट्यांपासून तीन फूट तरी दूर ठेवावी.

करवंदीचे कुंपण फसते ते पहिल्या दोन वर्षांत. रोपे लावताच जुने काटेरी कुंपण काढून टाकले, तर कोवळे शेंडे शेळ्यांच्या तोंडी जातात. म्हणून जुने कुंपण बाहेरून दोन वर्षे राखावे, उन्हाळ्यात पाणी द्यावे, तण खुरपावे आणि मेलेल्या रोपांच्या जागी पुढील पावसाळ्यात नांग्या भराव्यात. रोपे हातभर झाली की शेंडे खुडावेत; त्यामुळे बुडापासून फांद्या फुटून कोंबड्या शिरण्याइतकीही फट राहत नाही.

छाटणी व फळे

साधारण तिसऱ्या वर्षापासून फळे लागू लागतात. फुले फांद्यांच्या टोकांना येतात, त्यामुळे हिवाळ्यात कुंपण कातरणारा आपल्या हाताने फळेच कातरतो. छाटणी फळे उतरल्यावर, पावसाळ्याच्या तोंडी करावी. कच्च्या फळांचे लोणचे व चटणी होते. त्यांत पेक्टिन भरपूर असल्याने जेलीही चांगली जमते. पिकलेली फळे मुलांना खाण्यास द्यावीत किंवा त्यांचे सरबत करावे.

कुंपणाच्या आत

कुंपण उभे राहिले म्हणजे आत फालसा व तुती यांचे एकेक झुडूप लावता येते. फालशाला नव्या फुटीवर फळ येते, म्हणून त्याची छाटणी दरवर्षी हिवाळ्यात करावी. तुती पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फाट्यांपासून सहज लागते. दोन्ही फळे इतकी नाजूक असतात की दूरच्या बाजारात पोहोचेपर्यंत खराब होतात. ज्याच्या परसात झाड, त्यालाच त्यांची खरी गोडी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यातच चांगल्या जाळ्या हेरून बी जमवावे आणि शाळेच्या आवारात रोपांचा एक वाफा तयार करावा. प्रथम एकाच घराचे कुंपण पूर्ण करून दाखवावे. ते तिसऱ्या वर्षी फळांनी लगडले, की शेजारी स्वतःहून रोपे मागावयास येतील.