स्वस्त कान, चिकित्सक डोकं

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ४३३ मेगाहर्ट्झची जोडी मागितली, की साधारण शंभर रुपयांत दोन चिमुकल्या पाट्या हातात पडतात. चौकोनी पाटी ट्रान्समीटरची, लांबट पाटी रिसीव्हरची. त्यांना दोन मायक्रोकंट्रोलर, एक रिले आणि थोडी वायर जोडली, की बिनतारी स्विच तयार होतो. गच्चीवर टाकी भरल्याचं दिसलं की तिथूनच अंगणातली मोटर बंद करायची, जिना उतरायची गरज नाही. भारतात ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना वापरता येतो, त्यामुळे कागदपत्रांची कटकटही नाही.

ही जोडी इतकी स्वस्त का, हे ट्रान्समीटर उलटसुलट करून पाहिला तरी कळतं. एक गोल धातूची डबी, एक-दोन ट्रान्झिस्टर आणि मोजके सुटे भाग. त्या डबीतला रेझोनेटर लहरींची कंपनसंख्या ४३३.९२ मेगाहर्ट्झवर धरून ठेवतो. डेटाच्या पिनवर व्होल्टेज आलं की लहर सुटते, गेलं की थांबते. याखेरीज त्याला काही येत नाही. रिसीव्हरमागची कल्पना तर शंभर वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेच्या एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९२२ मध्ये सुपर-रीजनरेटिव्ह रिसीव्हर मांडला. सर्किट स्वतःहून कंप पावू लागेल अशा टोकापर्यंत न्यायचं, लगेच दाबायचं, आणि हे सेकंदाला हजारो वेळा करायचं. त्या टोकावर असताना अगदी क्षीण लहरही प्रचंड मोठी होते, तीही एकाच ट्रान्झिस्टरच्या जोरावर.

हा कान तीक्ष्ण आहे, पण त्याला पारख नाही. रिसीव्हरच्या डेटा पिनला एलईडी लावून ट्रान्समीटर बंद ठेवला, तरी एलईडी मिणमिणत राहतो. समोर कोणी बोलत नसलं की रिसीव्हर आपली संवेदनशीलता वाढवत नेतो आणि वातावरणातला खरखराटच बाहेर टाकत बसतो. ही पिन थेट रिलेला जोडली, तर रिले वेड्यासारखी टकटक करील. खरखराटातून निरोप वेगळा काढण्याचं काम इथे मायक्रोकंट्रोलरकडे येतं.

पूर्वी यासाठी तैवानच्या होल्टेक कंपनीची एचटी-१२ई आणि एचटी-१२डी ही जोडी वापरत. आठ बिटांचा पत्ता, चार बिटांची आज्ञा; सलग तीनदा तोच पत्ता जुळला तरच आज्ञा मान्य. आज एटीटायनी-८५ हा आठ पायांचा, आठ किलोबाइट प्रोग्राम मावणारा चिप तेच काम अधिक बारकाईने करतो. निरोपाच्या आधी तो काही वेळ नुसतं एक-शून्य-एक-शून्य पाठवतो, म्हणजे रिसीव्हर सावरतो. मग सुरुवातीची खूण, पत्ता, आज्ञा आणि शेवटी ताळा. प्रत्येक बिट मँचेस्टर पद्धतीने जातं, म्हणजे प्रत्येक बिटाच्या मधोमध पातळी बदलतेच. त्या बदलावरून पलीकडचा चिप आपलं घड्याळ सतत जुळवत राहतो. आतला ऑसिलेटर थोडा मागेपुढे झाला तरी चालतं, आणि वेगळ्या क्रिस्टलचा खर्च वाचतो. भागांवर वाचवलेला पैसा प्रोग्राम लिहिताना असा मेहनतीच्या रूपाने भरावा लागतो.

दुसरी अडचण एकतर्फी संवादाची. निरोप पोचला की नाही, हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही, म्हणून तो तेच वाक्य पाच-सहा वेळा म्हणतो. इथे नवखा हमखास फसतो. आज्ञा ‘आहे त्याच्या उलट कर’ अशी असेल, तर एका दाबात दिवा लागेल, विझेल, पुन्हा लागेल. म्हणून ‘चालू’ आणि ‘बंद’ या वेगळ्या आज्ञा ठेवाव्यात, किंवा प्रत्येक दाबाला अनुक्रमांक देऊन तोच क्रमांक पुन्हा आला तर सोडून द्यावा.

बटणाकडचा चिप जवळपास सगळा वेळ झोपलेला असतो. गाढ झोपेत तो एका मायक्रोअँपिअरहूनही कमी वीज घेतो. बटण दाबलं की जागा होतो, बोलतो आणि परत झोपतो. रिसीव्हरला मात्र सदैव जागं राहावं लागतं, म्हणून त्याला अॅडॉप्टर हवा. तो अॅडॉप्टर हलका असला तर त्याचाच खरखराट पल्ला खातो. अँटेना म्हणून १७.३ सेंटिमीटर सरळ वायर पुरते. लहरीच्या लांबीचा तो चौथा हिस्सा. ती गुंडाळून डबीत कोंबली की पल्ला घटलाच.

रिलेकडे हयगय नको. तिच्या कॉइलला लागणारा सत्तरेक मिलिअँपिअरचा करंट चिपच्या पायाला झेपत नाही. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर, आणि कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज जिरवायला उलटा डायोड. रिलेवर ‘१० अँपिअर’ छापलेलं असलं तरी पाण्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. तेव्हा रिलेने फक्त कॉन्टॅक्टर ओढावा, मोटरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा. २३० व्होल्टची जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी. शिवाय ‘बंद’चा निरोप हरवेल हे गृहीत धरून ठरावीक मिनिटांनी मोटर आपोआप थांबेल, अशी सोय प्रोग्राममध्ये हवीच.

नॉर्डिक कंपनीचा एनआरएफ-२४एल०१ हा २.४ गिगाहर्ट्झचा चिप थोड्या जास्त पैशांत पोच परत देतो, पोच आली नाही तर निरोप आपणहून पुन्हा पाठवतो. पण पोच मिळणं म्हणजे सुरक्षितता नव्हे. उघडा निरोप हवेतून कोणीही टिपून जसाच्या तसा पुन्हा सोडू शकतो. मोटारींच्या रिमोटमध्ये दर वेळी बदलणारा संकेत आला तो याचसाठी.

तेव्हा ही जोडी कुठे वापरावी, याची कसोटी एकच: निरोप हुकला, किंवा भलत्यानेच दिला, तर काय बिघडेल? ‘व्हरांड्यातला दिवा रात्रभर जळेल’ एवढंच उत्तर असेल, तर शंभर रुपयांची जोडी खुशाल लावावी. ‘घराचं दार उघडेल’ असं उत्तर असेल, तर तिथे काटकसर करू नये.