भर थंडीत आभाळ येतं तेव्हा...

डिसेंबर-जानेवारी म्हणजे काय? स्वेटर, शेकोटी, हुरडा पार्टी आणि वर्षभर पुढे ढकललेल्या ट्रेकचा एकदाचा लागलेला मुहूर्त! त्यात अचानक दोन दिवस ढगाळ हवा आली, झिमझिम सुरू झाली की ऑफिसच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘भजी?’ दुसरा, ‘वर्क फ्रॉम होम मिळेल का?’ तिसऱ्या मेसेजपर्यंत कुणीतरी ओल्या खिडकीचा फोटो टाकून मोकळं झालेलं असतं. एकदम रोमॅण्टिक मामला!

पण तुमच्या टीममध्ये यवतमाळ, राळेगाव, पांढरकवडा, वणी अशा भागातलं कुणी असेल ना, तर जरा त्याच्याकडे बघा. तो भजीच्या प्लॅनमध्ये नसतो. तो जिन्यात उभा राहून घरी फोन लावत असतो आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘कापूस आत घेतला का?’

मीही त्याच जिन्यातली! घर कळंब तालुक्यात, काम पुण्यात. त्यामुळे थंडीतला पाऊस माझ्यासाठी नेहमीच दोन ठिकाणी पडतो. इकडे फ्लॅटच्या बाल्कनीत आणि तिकडे आमच्या अंगणात. बाल्कनीतल्या पावसाने फार तर टॉवेल वाळत नाही. अंगणातल्या पावसाने वर्षाचं बजेट हलतं. आणि गंमत म्हणजे बाल्कनी सांभाळायचे सगळे फंडे मी त्या अंगणातूनच उचललेत.

हा पाऊस येतो तरी कुठून?

‘अवकाळी’ म्हणून आपण मोकळे होतो. पण विदर्भाला हा पाहुणा अजिबात नवा नाही. थंडीच्या दिवसांत भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात उत्तर भारतावरून सरकत असतात. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारं विदर्भात शिरलं, की थंड-कोरडी आणि उबदार-ओली हवा समोरासमोर येते. मग ढग, विजा आणि नशीब फारच खराब असेल तर गारा. कधी उपसागरातलं चक्रीवादळही हातभार लावतं. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं आणि पूर्व विदर्भात पाऊस झाला. त्याच्या आठवडाभर आधी, नोव्हेंबरच्या शेवटी, राज्यभर अवकाळीने झोडपलं होतंच. २०१४ चा फेब्रुवारी-मार्च आणि २०१८ चा फेब्रुवारी तर विदर्भ-मराठवाड्यातलं कुणी विसरणार नाही. गारांचा खच पडला होता शेतांत!

हा पाऊस नेहमीच व्हिलन असतो असं नाही हं. हलकी सर आली तर कोरडवाहू हरभऱ्याला ती फुकटच्या ओलितासारखी असते. पण तुरीला नेमका तेव्हा बहर असेल तर ढगाळ हवेने फुलं गळतात आणि घाटेअळीला रान मोकळं मिळतं. हरभऱ्याच्या पानांवर थंडीत आंबट दव जमतं, त्याला आंब म्हणतात. जुन्या बायका पहाटे पिकावर स्वच्छ फडकं पसरून ती टिपून घ्यायच्या, पोटदुखीवर औषध म्हणून. पाऊस आला की तीही धुऊन जाते.

बैठकीत कापूस

शहरातल्या मैत्रिणींना सांगितलं तर पटत नाही; पण आमच्याकडे दिवाळीनंतर बैठकीची खोली बैठकीची राहतच नाही. वेचणी सुरू झाली की घरात कापूस येतो. आधी कोपऱ्यात, मग खिडकीपर्यंत, मग टीव्हीपुढे. पाहुणे आले तर ओसरीवर बसतात. खूप दिवस कापूस घरात राहिला की अंगाला खाज सुटते ती वेगळीच!

मग एवढा त्रास सोसून तो ठेवायचा कशाला? भावासाठी. आणि भाव अडतो ओलाव्यापाशी. सरकारी खरेदी करणाऱ्या कापूस महामंडळाचा, म्हणजे सीसीआयचा, नियम सरळ आहे. कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव. ८ ते १२ टक्क्यांच्या मध्ये असेल तर जितका ओलावा जास्त तितकी कपात. १२ च्या वर गेला की गाडी परत. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. टक्क्यामागे एक टक्का कपात धरली, तर ८ चा ओलावा १२ वर गेल्यावर क्विंटलमागे सव्वातीनशे रुपये गेले. पंचवीस क्विंटल कापूस असेल तर गणित तुम्हीच करा. आपण एका मॉलमध्ये उडवतो तेवढे, असं म्हणू नका. या पैशात घरातल्या कुणाची तरी फी असते, कुणाचं कर्ज असतं.

म्हणून आभाळ आलं की घरात अक्षरशः धावपळ. अंगणातला ढीग आत, ताडपत्री ढिगावर, खिडक्या बंद. भिजलेला कापूस कोरड्या ढिगात अजिबात मिसळायचा नाही. तो वेगळा पातळ पसरायचा, ऊन निघालं की उलटापालटा करत वाळवायचा. नाहीतर ढीग आतून तापतो, रुई पिवळी पडते, सरकीला कोंब फुटतात. आणि कापसाच्या खोलीत ना उदबत्ती, ना बिडी, ना लोंबणारी वायर. ओल्या हवेत वायरचा जोड ठिणगी टाकतो आणि कापसाला तेवढी पुरते.

मागच्या थंडीत फोनवर मी आईला म्हटलं, ‘इतकी दगदग कशाला करतेस?’ तिचं उत्तर तयार होतं, ‘तुले काय वं, तुह्या डोक्यावर फ्लॅटचं छत हाय. मले आभाळ पाहा लागते!’ यावर बोलणार काय?

परसबाग म्हणते, हात आवर!

कापूस आत गेला की आईची दुसरी फेरी परसबागेत. वांगी, टमाटर, पालक, मेथी, सांभार आणि कुंपणावर चढलेला वाल. सांभार म्हणजे कोथिंबीर बरं का, इडलीबरोबरचं नाही! पुण्यात भाजीवाल्याकडे ‘सांभार द्या’ म्हटल्यावर काय होतं ते विदर्भातल्या प्रत्येकाने एकदा अनुभवलेलं असतं.

ढगाळ थंडीत बागकामाचा पहिला नियम म्हणजे काही न करणं. आपल्याला सवय असते रोज सकाळी पाणी घालायची. पण ऊन नाही, हवा दमट, झाडाचं पाणी पिणं मंदावलेलं. अशात रोजचं पाणी म्हणजे मुळांना बुडवणं. मातीत बोटाचं दुसरं पेर जाईल इतकं खोल बोट घालून बघा. ओल लागली तर पाणी बंद. द्यायचंच तर सकाळी, मुळाशी, पानांवर नाही. रात्रभर ओली राहिलेली पानं म्हणजे करप्याला आमंत्रणच.

यवतमाळची काळी माती तर फारच लहरी. ओली झाली की फुगते, चिकटते, चपलेसकट तुम्हाला धरून ठेवते. अशा मातीत खुरपं घातलं की तिची ढेकळं होतात आणि वाळल्यावर दगडासारखी टणक बसतात. म्हणून थांबायचं ते वाफसा येईपर्यंत. वाफसा म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, मुठीत दाबली तर गोळा होते आणि बोट लावलं की सुटते. हे कुंडीलाही तितकंच लागू आहे.

कुंडीवाल्यांनी अजून दोन गोष्टी बघायच्या. एक, तळाचं भोक मोकळं आहे का? दोन, खालच्या बशीत पाणी साचलंय का? साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून आठवड्यातून एकदा बशी, बादली, कूलरची टाकी कोरडी करायचीच. पिवळी पडलेली खालची पानं तोडा, कुंड्या एकमेकींपासून जरा लांब सरकवा. वारा खेळला पाहिजे. शेवंती-झेंडूची सुकलेली फुलं खुडून टाका. ओल धरून सडतात ती.

औषध आणायच्या आधी...

ढगाळ हवा आली की मावा येतो. कोवळ्या शेंड्यांवर हिरव्या-काळ्या किड्यांची गर्दी दिसली की आपला हात थेट औषधाच्या बाटलीकडे जातो. इथे मात्र यवतमाळवाली म्हणून मी जरा सीरियस होणार आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांवर उपचार करावे लागले. त्या वर्षी पीक माणसाच्या डोक्याएवढं उंच वाढलेलं, हवा दमट, दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेली आणि अंगावर ना मास्क ना हातमोजे. त्यानंतर आमच्या भागात कुणी ‘जरासं औषध मारून टाक’ असं सहज म्हणत नाही.

शेतासाठीचं कीटकनाशक बाल्कनीत किंवा परसात आणूच नका. दहा बाय चारच्या बाल्कनीत ते जाणार कुठे? तुमच्या नाकात आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर! मावा थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार धारेने उडवा, पण सकाळी, म्हणजे पानं दिवसभरात वाळतील. जास्त असेल तर निंबोळी अर्क. वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्याने गाळायची, थोडा साबणाचा चुरा घालायचा आणि त्याच दिवशी वापरायची. उघडीप असताना संध्याकाळी फवारा. आभाळ भरलेलं असेल तर नको, पाऊस सगळं धुऊन नेईल.

ओले कपडे, ओल्या काड्या

आता घरातली कामं. गावाकडे पहिलं काम जळणाचं. गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या आणि गोवऱ्या छपराखाली घ्यायच्या. नाहीतर अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटत नाही, नुसता धूर. शहरात बंबाच्या जागी गीझर आहे. पण ओल्या हाताने बटण दाबायचं नाही हा नियम दोन्हीकडे सेम.

कपड्यांचं टेन्शन मात्र सगळ्यांना. थंडीत ऊन आधीच कमी, त्यात ढग. अशा वेळी एकदम ढीगभर धुऊ नका. जाड कपडे उघडिपीसाठी ठेवा. घरात वाळत घालताना दोन कपड्यांत हातभर अंतर, पंखा चालू आणि एक खिडकी किलकिली. बंद खोलीत वाळवलं की ती सगळी ओल भिंतीत जाते आणि आठवड्याभरात कपाटामागे काळी बुरशी. कातडी बुटात रद्दी पेपरचे बोळे कोंबा. स्वेटर-गोधड्यांत वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. पण पूर्ण वाळलेला, ओला ठेवलात तर उलटं होईल.

स्वयंपाकघरात आजीचा एकच कायदा होता. दमट हवेत धान्याची कोठी उघडायची नाही. दोन-चार दिवसांचे गहू, ज्वारी, डाळ आधीच बाहेर काढून ठेवायची. हवेतली ओल आत गेली की पोरकिडे हजर. फ्लॅटमधल्या डब्यांनाही हे लागू. आणि ओला चमचा डब्यात घालणाऱ्यांना आजी काय म्हणायची ते इथे छापता येणार नाही!

फोनवरून काय करता येईल?

घरापासून शेकडो किलोमीटरवर बसून ताडपत्री धरता येत नाही, हे खरं. पण आपण दिवसभर स्क्रीनपुढे असतो, त्याचा उपयोग करूया की! नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भासाठी जिल्हावार इशारे देतं. ‘मौसम’ आणि ‘मेघदूत’ अ‍ॅप मोफत आहेत. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ आहे. यवतमाळवर पिवळा किंवा नारिंगी रंग दिसला की मीटिंगच्या आधी दोन मिनिटांचा फोन. ‘उद्या दुपारनंतर पाऊस सांगितलाय, आज संध्याकाळीच कापूस झाका.’ विजा कडाडत असताना आईबाबा ताडपत्री घेऊन बाहेर धावणार नाहीत, एवढं जरी या फोनने साधलं तरी खूप झालं.

आणि हो, दिवाळीला घरी नेण्यासाठी गिफ्ट सुचत नसेल तर चांगली जाड ताडपत्री न्या. आमच्या घरी मिक्सरपेक्षा तिचं जास्त कौतुक झालं!

चटकन बघा

• पाणी घालण्याआधी मातीत बोट. ओल असेल तर सुट्टी.
• वाफसा आल्याशिवाय खुरपं नाही.
• कुंडीखालची बशी आठवड्यातून एकदा कोरडी.
• घरात वा बाल्कनीत शेतीचं औषध नाही. निंबोळी अर्क पुरे.
• ओला कापूस कोरड्यात मिसळायचा नाही. ओला चमचा डब्यात नाही.
• भजी जरूर करा. फक्त आधी घरी फोन लावा.