पानांत व खोडांत दडून राहणाऱ्या अळ्यांची ओळख

पावसाळ्याच्या दिवसांत चार शेतकरी एकत्र जमले म्हणजे "यंदा कीड फार आहे" असें बोलणें हटकून निघतें. कीड कोणती, असें विचारलें तर "अळी आहे" एवढेंच उत्तर मिळतें. उघड्यावर बसून पान खाणारी अळी निदान डोळ्यांस दिसते. परंतु कांहीं अळ्या पानाच्या वरच्या व खालच्या पापुद्र्यांच्या मध्यें किंवा खोडाच्या गाभ्यांत राहून आपला निर्वाह करितात. त्या दिसत नाहींत. दिसतें तें त्यांनीं केलेलें नुकसान, आणि तेंही उशिरा. अशा अळ्या कशा ओळखाव्या याविषयीं चार गोष्टी वाचकबंधूंपुढें मांडावयाच्या आहेत.

प्रस्तुत लेखकाचा जन्म महसुली कारकुनींत गेला. पीकनुकसानीचे पंचनामे मीं पुष्कळ लिहिले, आणि ज्वारीचा पोंगा वाळलेला दिसला कीं "खोडकिड्याचा उपद्रव" असें बेधडक लिहून मोकळा झालों. निवृत्तीनंतर स्वतःच्या दोन एकर ज्वारीवर तोच प्रसंग आला. पेरणीस तीन आठवडे झाले होते. वाळलेल्या पोंग्याचें छायाचित्र मोबाईलवर काढून तें एका दुकानदारास दाखविलें. त्यानें खोडकिड्याचें औषध दिलें. दोन दिवस पाठीवर पंप वाहिला, पैसे गेले, आणि गुण कांहीं आला नाहीं. दुकानदारास तरी काय दोष द्यावा? तोच निवाडा मीं स्वतः तीस वर्षें कागदावर करीत आलों होतों. ती खोडमाशी होती, व पोंगा वाळलेला दिसतो तेव्हां तिच्या अळीनें गाभा आधींच कापलेला असतो.

म्हणून पहिलें काम हें कीं, रोप उपटून, खोड उभें चिरून अळी प्रत्यक्ष बाहेर काढावी. त्यास बाभळीचा कांटा व साधें हातभिंग एवढीं साधनें पुरतात. माशीच्या अळीस वेगळें असें डोकें नसतें व पायही नसतात. अंग पुढें निमुळतें व मागें बोथट असून तोंडाशीं बारीक काळे आंकडे दिसतात. पतंगाच्या अळीस तपकिरी किंवा काळें टणक डोकें, छातीशीं तीन जोड्या सांधेदार पाय, आणि पोटाखालीं मऊ मांसल पाय असतात. भुंगेऱ्याच्या अळीचें डोकेंही टणक असतें. पण पोटाखालचे मांसल पाय तिला नसतात, आणि कित्येक जातींत छातीचेही पाय नसतात. आंब्याच्या खोडांत शिरणारें भिरूड कोंकणांतील लोकांस चांगलें ठाऊक आहे. तें या तिसऱ्या वर्गांतलें.

आतां ज्वारीकडे वळूं. खोडमाशीचा उपद्रव रोप उगवल्यापासून सुमारें एक महिन्याच्या आंतच होतो. माशी पानाच्या खालच्या बाजूस पांढरें, लांबट असें एकेक सुटें अंडें घालते. अळी एकदोन दिवसांत निघते, पोंग्यांत उतरते, आणि वाढीचा कोंब कापून सडलेल्या भागावर जगते. असा पोंगा हळूच ओढला तरी सहज हातांत येतो. त्याचें बूड कुजलेलें असतें व त्यास दुर्गंधी येते. बुडाशीं पिंवळट पांढरी, बिनपायांची लहान अळी सांपडते. पानांवर मात्र एकही छिद्र नसतें. पुढें रोपास बाजूनें फुटवे येतात, पण तेही पुष्कळदां त्याच माशीच्या भक्ष्यस्थानीं पडतात.

खोडकिडा हा पतंगवर्गीय. याचीं अंडीं सुटीं नसून माशाच्या खवल्यांप्रमाणें एकावर एक चिकटलेल्या पुंजक्यांत असतात. लहान अळ्या प्रथम पोंग्यांतील कोवळीं पानें खातात. त्यामुळें पान उलगडलें कीं त्यावर बारीक छिद्रांची आडवी रांग दिसते. ही रांग हीच मुख्य खूण समजावी. नंतर अळी खोडांत शिरते, आणि रोप लहान असेल तर याचाही पोंगा वाळतो. येथेंच माझ्यासारख्यांची फसगत होते. याच्या अळीस तपकिरी डोकें असून अंगावर ठिपक्यांच्या उभ्या ओळी असतात. अंगाचा रंग गुलाबी असून ठिपके मुळींच नसतील तर तो गुलाबी खोडकिडा समजावा. खोडमाशी रोप मोठें झाल्यावर त्यास सोडते. खोडकिडा कापणीपर्यंत मुक्काम करतो व ताट पोखरून लाल करून ठेवतो.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. दोहोंचे उपाय अगदीं निराळे आहेत. खोडमाशीवर खरा इलाज पेरणीच्या वेळेचा. खरिपांत पाऊस लागतांच आठवडा-दहा दिवसांत पेरावें, आणि रब्बींत सप्टेंबरच्या आरंभीं घाई करूं नये. बीं थोडें जास्त वापरून विरळणीच्या वेळीं लागट रोपें उपटून नष्ट करावीं. खोडकिड्याच्या अळ्या मात्र धसकटांत व कडब्यांत सुप्त स्थितींत उन्हाळा काढतात. त्यासाठीं धसकटें वेंचून जाळावीं व कडबा पावसाळ्यापूर्वीं कुट्टी करून संपवावा. एकाचा उपाय दुसऱ्यास केला तर काय होतें तें वर सांगितलेंच आहे.

पानांतील अळ्यांचा प्रकार याहून फसवा. संत्रें व लिंबू यांच्या कोवळ्या पालवीवर रुपेरी नागमोडी रेघ उमटते, तिच्या मध्यभागीं विष्ठेची काळी ओळ असते, व पान आंखडतें. ही नागअळी. ती पतंगाची असूनही तिला पाय नसतात, कारण दोन पापुद्र्यांच्या मध्यें पाय घेऊन करावयाचें काय? मोठ्या झाडास तिचा फारसा अपाय नाहीं. परंतु रोपवाटिकेंतील कलमें खुरटतात, आणि तिनें केलेल्या जखमांतून खैऱ्या रोग शिरतो. टोमॅटोवर दिसणाऱ्या अळीसही आपण नागअळीच म्हणतों, पण ती माशीची. ही माशी सन १९९० च्या सुमारास परदेशांतून भारतांत आली. तिची रेघ अरुंद असून पुढें पुढें रुंद होत जाते, व अळी वाढली कीं पान फोडून मातींत कोष करते. सन २०१४ मध्यें महाराष्ट्रांत टोमॅटोवर आणखी एक पाहुणी आढळली, ती दक्षिण अमेरिकेंतील टुटा. हिची रेघ नसून मोठा अनियमित डाग असतो, पान करपल्यासारखें दिसतें, विष्ठा आंत साठलेली असते, अळीस डोकें व पाय स्पष्ट असतात, आणि ती फळांतही शिरते. डाग दिसला कीं पान उन्हाकडे धरून पाहावें. आंतील अळी सावलीसारखी दिसते. भातावरील हिस्प्याची अळीही पानांतच राहते. मात्र पानावर पांढऱ्या समांतर रेघा व जवळपास निळेकाळे कांटेरी भुंगेरे दिसले कीं तेथें शंकेस जागा उरत नाहीं.

तरीही निश्चय न झाल्यास लागट पानें कांचेच्या बरणींत घालून तोंडास मलमलीचें फडकें बांधावें व आंत काय निघतें याची वाट पाहावी. कधीं कधीं माशी किंवा पतंग न निघतां अगदीं बारीक गांधीलमाशी निघते. तिनें आपल्या अळीस आंतून खाल्लेलें असतें. अशा पुष्कळ निघाल्या तर फवारणीची घाई करूं नये.

नमुना जाणत्याकडे पाठवावयाचा असेल तर अळी क्षणभर कढत पाण्यांत बुडवून मग स्पिरिटच्या बाटलींत ठेवावी, नाहींतर ती काळी पडते. बाटलींत कागदाची चिठ्ठी टाकून तींत पीक, रोपाचें वय, गांव व तारीख हीं लिहावीं. चिठ्ठी शिसपेन्सिलीनें लिहावी. शाई स्पिरिटमध्यें विरघळते, आणि कारकुनाचें सुंदर अक्षरही मग वाचतां येत नाहीं.